कारण दाखवा, मग गोळी झाडा

लॉस सॅन्टोस हे शहर नकाशावर नाही, पण तिथल्या नियमावलीपुढे आपली हाउसिंग सोसायटीसुद्धा फिकी पडेल. २०१३ साली आलेल्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ या खेळातलं हे शहर. मूळ खेळात दिसेल त्याला ठोका, मिळेल ती गाडी पळवा, विचारणारं कोणी नाही. मग काही मंडळींना वाटलं, इथेच नीट संसार थाटावा. ‘फाइव्हएम’ या सॉफ्टवेअरच्या आधारानं त्यांनी स्वतःचे सर्व्हर उभारले. कुणी टॅक्सीवाला झाला, कुणी डॉक्टर, कुणी हवालदार. याला म्हणतात रोलप्ले, लाडानं ‘आरपी’. संसार आला की कलमं आलीच.

पहिलं कलम ‘आरडीएम’, म्हणजे रँडम डेथमॅच. विनाकारण कुणाला मारायचं नाही. नीट वाचा, मारायचं नाही असं कलम म्हणतच नाही. बँक लुटा, टोळी काढा, खंडणी मागा. फक्त खुनाआधी चार वाक्यं बोला.

व्हायचं तेच झालं. खून थांबले नाहीत, कारणं वाढली. भर चौकात एक जण दुसऱ्याची गाडी अडवतो.

“माझ्याकडे बघून हॉर्न का मारलास?”

“भाऊ, सिग्नल सुटला होता.”

“उलट बोलतोस?” धाड, धाड.

तक्रार होते. अ‍ॅडमिन क्लिप मागवतो. संवाद झालाय, अपमान झालाय, कारण सापडलंय, प्रकरण निकाली. मुकाट्यानं गोळी घालणारा बिचारा मात्र बॅन.

पुढची कलमं आणखी गोड. ‘फिअर आरपी’नुसार कानशिलाला पिस्तूल लागलं की घाबरायलाच हवं, छाती काढलीत तर शिक्षा तुम्हालाच. ‘न्यू लाइफ रूल’ सांगतो, मेल्यावर पुन्हा जिवंत झालात की कोणी मारलं ते विसरून जा. आपल्याकडे साक्षीदार फितूर करायला खर्च येतो. इथे खुद्द मयतच फितूर, तोही फुकटात.

खेळातल्या खुनांचं हे दुखणं जुनंच. ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाचा निर्माता रिचर्ड गॅरियट त्यात ‘लॉर्ड ब्रिटिश’ हा राजा असे. ऑगस्ट १९९७ मध्ये, खेळ अजून चाचणीतच असताना, महाराज प्रजेला दर्शन द्यायला आले आणि गर्दीतल्या एकानं आग लावून त्यांना तिथेच संपवलं. अमरत्वाचं बटण दाबायचं राहून गेलं होतं! पुढे २००० साली कंपनीनं जगाच्याच दोन प्रती काढल्या: ‘फेलुका’ मारामारीला, ‘ट्रॅमल’ सज्जनांना. सज्जन लगोलग तिकडे राहायला गेले आणि इकडे मारेकऱ्यांनी गळा काढला, आता मारायचं कुणाला?

‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळातल्या अंतराळात सुरक्षित भागात ‘कॉनकॉर्ड’ नावाचे पोलीस आहेत. ते हल्लेखोराचं जहाज हमखास उडवतात, पण हल्ला झाल्यावर. २०११ पर्यंत तर उडालेल्या जहाजाचा विमाही हल्लेखोराला मिळायचा. पोलिसांची इभ्रत राहिली, गुन्हेगाराचं नुकसानही भरून निघालं. असा सलोखा प्रत्यक्षातही क्वचितच दिसतो.

तेव्हा अ‍ॅडमिन मंडळींना एक नम्र सूचना. क्लिपा तपासत बसण्यापेक्षा छापील फॉर्मच ठेवा. खुनाचं कारण: माझ्याकडे बघितलं / बघितलं नाही / इतर. लागू नसेल ते खोडा. खाली मयताची सही. ती आगाऊच घ्यावी. नंतर त्याला काही आठवत नाही.