कर्तरी, कर्मणी आणि ब्रेक

मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आलं. तेव्हा टीव्हीवरची रात्री आठची महाचर्चा सुरू झालेली नव्हती, हे दामल्यांचं नशीब. नाहीतर जन्मभर नवनवी परिशिष्टं जोडत बसले असते.

आपल्या सूत्रसंचालकांना व्याकरण येत नाही, अशी तक्रार पुण्यातून नेहमी येते. ती साफ खोटी. तिन्ही प्रयोग त्यांच्याइतके चोख कोणालाच येत नाहीत.

महाचर्चेत कर्तरी प्रयोग. कर्ता एकच, आणि सहाही चौकटींतल्या माणसांनी त्याच्याप्रमाणे चालायचं. समजा, विषय आहे जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा. एका चौकटीत सिंचनाचे अभ्यासक बसलेत. बिचारे २००५ च्या कायद्यातल्या समन्यायी वाटपापासून सुरुवात करतात, मेंढेगिरी समितीपर्यंत पोचणार, तेवढ्यात, “सर, महाराष्ट्राला जाणून घ्यायचंय. पाणी सोडायचं की नाही? एका शब्दात!” सर तोंड उघडतात. “म्हणजे तुमच्याकडे उत्तर नाही!” मग प्रवक्त्यांकडे मोर्चा. “थांबा, मी तुम्हाला बोलायची पूर्ण संधी देणार आहे,” याचा अर्थ त्यांचा माइक बंद झालेला आहे. “मला एक समजावून सांगा,” याचा अर्थ आता सूत्रसंचालक समजावून सांगणार आहेत. इथे प्रश्नचिन्ह लागतं ते उत्तराला.

बातमी हाती नसेल तेव्हा कर्मणी प्रयोग. “असं बोललं जातंय.” “नाराजी व्यक्त केली जातेय.” “भुवया उंचावल्या गेल्यात.” बोललं कोणी, नाराज कोण, भुवया कोणाच्या, हे विचारायचं नाही. या प्रयोगात कर्त्याला घरी बसवता येतं, आणि घरी बसलेल्या कर्त्यावर कोर्टात दावा लागत नाही.

समोर नट किंवा नटी असली की भावे प्रयोग. क्रियापद ना कर्त्याचं ऐकतं, ना कर्माचं. “त्या क्षणी आत काय दाटून आलं?” मागे बासरी, कॅमेरा डोळ्यांच्या कडांवर. रात्री आठला गर्जणारा आवाज रविवारी सकाळी मधात भिजून येतो. ‘आप की अदालत’ने तर १९९३ पासून आरोपीचा पिंजराच सोफ्याइतका आरामशीर करून ठेवलाय. आरोप ठेवायचे, पण असे, की ऐकून आरोपीनेच लाजून हसावं. बसलेल्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि न्यायाधीशांनी निकालात आरोपीचं कौतुक करायचं. आपल्याकडे ‘खुपते तिथे गुप्ते’ची खुर्ची होती. पुढाऱ्यांना तिथे खुपायचं ते बरोबर, प्रेक्षकाला हसू येईल एवढंच.

वहिनींसाठी आणखी वेगळी बोली. आदेश बांदेकरांनी टीव्हीवरच्या पैठणीच्या खेळातून २००४ पासून अठराएक वर्षं दारोदार जाऊन ती रुजवली. पैठणी समोर असताना एकाही वहिनीला “हो की नाही, एका शब्दात” असं कोणी दरडावल्याचं आठवत नाही. उलट लग्न कसं जमलं, हे चांगलं पाल्हाळ लावून सांगायची मुभा. म्हणजे माणसाला बोलू द्यायचं कसं, ते या धंद्याला पक्कं ठाऊक आहे.

आणि तरी सगळ्यांत शुद्ध मराठी याहून वेगळ्या जागी ऐकू येते. ब्रेकच्या आधी. पान मसाल्याच्या वेलचीचं नाव, सहप्रायोजक सिमेंटचं नाव, लोणच्याचं नाव. एकेक अक्षर सुटं, आवाज मृदू, वाक्य पूर्णविरामापर्यंत सुखरूप पोचलेलं. तिथे कोणी कोणाला मध्येच तोडत नाही. सिमेंटला “आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या” असं कोणी म्हणत नाही. महाराष्ट्राला त्या वेळी काहीही जाणून घ्यायचं नसतं.

तेव्हा जायकवाडीच्या अभ्यासकांना एक सल्ला. पुढच्या खेपेला तज्ज्ञ म्हणून जाऊ नका. वर्गणी काढा आणि सहप्रायोजक म्हणून जा. समन्यायी पाणीवाटप दहा सेकंद का होईना, अख्खं ऐकू येईल. आणि तेही सूत्रसंचालकांच्याच तोंडून, हसऱ्या चेहऱ्याने.