मी म्हणजे कोण?

आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आलं ते निव्वळ मान हलवल्यामुळे. २०१८ च्या वार्षिक सभेत कुणीतरी माझ्याकडे बघून काहीतरी म्हणालं. मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही की मी हसून मान हलवतो. टाळ्या वाजल्या, त्यात मीही वाजवल्या. बातमी कळली ती घरी जाताना जिन्यात, बायकोकडून.

मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि उजव्या कानाने सोयीपुरतं, असं तिचं निदान आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले. तिच्या मते बाविसावा राहूनच गेला: ऐकू येतं, पण ऐकत नाही.

पार्किंगमधल्या सभांत माझं भागत होतं. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायचं आणि शेजाऱ्याने कोपराने ढोसलं की ठरावाला हात वर करायचा. २०२० च्या टाळेबंदीत सभा व्हिडिओवर आली आणि माझं पितळ उघडं पडलं. बघायला ओठच मिळेनात! अध्यक्षांचं फक्त कपाळ दिसे. कपाळ वाचणारे ज्योतिषी असतील, मला ओठ हवे होते. खजिनदार खिडकीला पाठ करून बसत, त्यामुळे बातम्यांत ओळख लपवलेला साक्षीदार दिसतो तसे दिसत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणजे दोन तास नुसता छताचा पंखा.

शेवटी भाचीने उपाय सांगितला. "मामा, दुसरा फोन कॉम्प्युटरच्या स्पीकरसमोर ठेव. त्यात लाइव्ह ट्रान्स्क्राइब घे. लोक बोलतील ते मराठीत लिहून दाखवेल." गूगलचं हे ॲप २०१९ मध्ये आलं. ते घडवणाऱ्यांत दिमित्री कानेव्हस्की हे लहानपणापासून बहिरे असलेले शास्त्रज्ञ होते. म्हणजे ज्याचं जळतं त्यानेच केलेलं काम. मी भक्तिभावाने फोन मांडला.

खजिनदार बोलू लागले. पडद्यावर अक्षरं उमटली: 'वाण्याची काकी माफ करायची आहे.'

मी आयुष्यात प्रथमच मान न हलवता तोंड उघडलं. "माफ करायला माझी हरकत नाही, पण त्यांनी केलं काय?"

पाण्याची टाकी साफ करायची होती. तेव्हा खजिनदारांचा एक हात तोंडापुढे होता, दोन सभासद त्यांच्याच बोलण्यावर बोलत होते आणि कुणाच्या तरी घरी कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. पुढे एका वेळी एकच जण बोलू लागला, बाकीच्यांनी माइक बंद ठेवले, तशी काकी बहुतेक वेळा टाकीच राहिली. दोष यंत्राचा निम्माच होता.

सगळे एकदम बोलतात ही माझी तक्रार नोंदवली गेली तेवढ्यात एक आवाज आला, "आता माझीही ऐका." ते नाना. नाना जन्मांध. एका बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. मीटिंगमध्ये माइकचं बटण शोधताना आमची त्रेधा उडायची, आणि नाना ऑल्ट आणि ए दाबून केव्हाच बोलायला लागलेले असत. त्यांच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे. पडद्यावरचा मजकूर ते वाचून दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ते सुरू केलं, जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र सोबतीला आला, आणि आजही ते फुकट मिळतं. ही शेवटची माहिती ऐकून खजिनदारांनी नानांकडे, म्हणजे नानांच्या चौकोनाकडे, नव्या आदराने पाहिलं.

नानांच्या तक्रारी तीन होत्या. पहिली, चॅटमध्ये हात जोडू नका. आमच्याकडे कुणीही सभेत आलं की नमस्काराची चित्रं टाकायचं, तीही पाच-पाच. सॉफ्टवेअर इमानदारीने प्रत्येक चित्राचं नाव वाचतं. "थकबाकीदारांची नावं तुम्ही वाचत होतात," नाना म्हणाले, "आणि माझ्या कानात अकरा वेळा 'जोडलेले हात' ऐकू आलं. मला वाटलं, वसुलीची ही नवी पद्धत."

दुसरी तक्रार ताळेबंदाची. खजिनदार पडदा शेअर करून समजावत होते, "हे बघा, इथलं हे यात गेलं, म्हणून तिकडचं कमी झालं."

"हे म्हणजे काय आणि तिकडचं म्हणजे कुठलं?" नानांनी विचारलं. शेअर केलेला पडदा हा सॉफ्टवेअरच्या लेखी नुसतं चित्र. त्यातली अक्षरं ते आपोआप वाचू शकत नाही. फाइल आधी पाठवली, तर तेच सॉफ्टवेअर ओळ न् ओळ वाचतं.

खजिनदारांनी तत्परतेने फाइल पाठवली. वहीच्या पानाचा फोटो. खाली त्यांचा अंगठाही आला होता.

"अहो, हेही चित्रच!"

मग नाइलाजाने त्यांनी आकडे मोठ्याने वाचायला घेतले. "लिफ्ट दुरुस्ती, १८,५००. वॉचमनचा पगार... पंपाची मोटर... लिफ्टचं काम, १८,५००."

"हे मघाशी झालं," नाना म्हणाले.

त्या शांततेत माझ्या दुसऱ्या फोनवरही काही उमटलं नाही. बावीस चौकोनांतून आम्ही सगळे तो ताळेबंद डोळे फाडून बघत होतो, आणि कुणालाच काही दिसलं नव्हतं. मोबाइलवर आकडे मोहरीएवढे होते, हे नंतर एकेकाने कबूल केलं. मी नानांचं तोंडभर कौतुक करायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. "यात कसला चमत्कार? हिशोब आज पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने वाचला, इतकंच."

तिसरी तक्रार सर्वांत जुनी. मराठी माणूस फोन उचलला की म्हणतो, "मी बोलतोय." कोण? "अरे, मीच!" नानांनी स्विचबोर्डवर तीस वर्षं हे 'मी' जोडून दिले. सभेतही तेच. "माझा विरोध आहे." कुणाचा? "माझा!" बोलणाऱ्याच्या चौकोनाभोवती हिरवी चौकट उमटते खरी, पण नानांना ती दिसत नाही आणि मी ओठ शोधेपर्यंत ती दुसरीकडे गेलेली असते. 'मी कोण' हा प्रश्न सोडवायला ऋषिमुनी हिमालयात गेले. आमच्याकडे तो फ्लॅट नंबर सांगून सुटतो.

तेव्हापासून सभेच्या नोटिशीखाली चार ओळी असतात. कागदपत्रं दोन दिवस आधी, वाचता येतील अशा फाइलमध्ये पाठवली जातील. उजेड तोंडावर घ्यावा, पाठीवर नको. 'इथे-तिथे' न म्हणता आकडा वाचावा. बोलण्यापूर्वी नाव सांगावं. यासाठी सोसायटीला एक रुपयाही खर्च आला नाही, हे मी खजिनदारांच्या समाधानासाठी इतिवृत्तात नोंदवलं आहे. सभा दोन तासांवरून सव्वा तासावर आली. ते मात्र बायकोच्या समाधानासाठी सांगतो.

तेव्हा तुमच्याही पुढच्या सभेत नुसती लिंक पाठवून थांबू नका. कुणाला काय लागेल ते आधी विचारा. माइक सुरू केलात की आधी नाव सांगा. आणि तुमचं बोलणं संपल्यावर माझ्यासारखा कुणी हसून मान हलवताना दिसला, तर त्याच्या गळ्यात पद घालण्यापूर्वी एकदा विचारा, ऐकू आलं का?