क्रिएटिनिनकाका

क्रिएटिनिनकाका हा नारायण पेठेपासून कोथरूडपर्यंत आढळणारा सेवानिवृत्त पुणेकर. मधुमेह आणि रक्तदाब जुने, मूत्रपिंडाचा विकार नवा. जीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, ३० ते ५९ च्या दरम्यान, म्हणजे आजार तिसऱ्या टप्प्यात. ओळख करून देताना तो आधी क्रिएटिनिनचा आकडा सांगतो, मग आडनाव.

त्याचे कार्यक्षेत्र म्हणजे सुपरमार्केटमधला सीरियलचा कप्पा. खोक्यावर पुढे छापलेल्या हृदयाच्या चित्रावर त्याचा विश्वास नसतो. भिंग काढून तो थेट मागची बाजू वाचतो. तिथे सोडियम छापणे सक्तीचे आहे, पोटॅशियम आणि फॉस्फरस नाही, आणि दुबळ्या मूत्रपिंडाला जड जातात ते हेही दोघे. म्हणून तो घटकांच्या यादीत ३३९, ४५०, ४५१, ४५२ असे क्रमांक हुडकतो. ही फॉस्फेटे. धान्यातला मूळचा फॉस्फरस शरीर अर्धामुर्धाच शोषते, वरून घातलेला मात्र जवळजवळ सगळा. असा क्रमांक सापडला की शेजारच्या अनोळखी बाईंनाही दाखवला जातो. बाई तेच खोके टोपलीत टाकून पुढे जातात.

अमेरिकेतला मुलगा येताना ‘फायबर’ म्हणून गव्हाचा कोंडा आणतो. त्यात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस आणि त्याहून जास्त पोटॅशियम. ओट्स त्यामानाने सौम्य, सुमारे ४०० मिलिग्रॅम फॉस्फरसचे. म्यूसलीतले मनुके-बदाम पोटॅशियम वाढवतात. रक्तातले पोटॅशियम चढलेले नसेल तर ते तोडायची गरज नसते. पण काकांना तोडण्यातच रस.

अखेर काका पोह्यांपाशी येतात. कोंडा निघालेला तांदूळ, म्हणून दोन्ही क्षार बेताचे. हा शोध ते काकूंना ऐकवतात. काकू तेव्हा पोहेच भिजवत असतात. त्यातला बटाटा, शेंगदाणे आणि खोबरे मात्र कमी करावे लागते. खरा घात वरून घेतलेल्या शेवेचा. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे, आणि शेव हे मीठ आहे हे काकांना तत्त्वतःच मान्य असते. त्यावर तोड म्हणून ते ‘लो सोडियम’ मीठ आणतात. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइड असते. आहारतज्ज्ञ बाई ती पिशवी परत पाठवतात.

रक्ततपासणीआधीचे तीन दिवस काका निर्दोष जेवतात. रक्त देऊन झाले की पावले बेडेकरांच्या मिसळीकडे वळतात. त्या तीन दिवसांमुळे रिपोर्ट बरा येतो आणि डॉक्टर पथ्याचे कौतुक करतात.

डायलिसिसवरचे काका ही निराळी उपजात. त्यांची प्रथिने कमी नव्हे, वाढवायची असतात. त्यामुळे एकाचा आहारतक्ता दुसऱ्याला लागू पडत नाही. कट्ट्यावर मात्र त्याच तक्त्याच्या झेरॉक्स सर्वांना मिळतात, गुडघे दुखणाऱ्यांनासुद्धा.