बैलगाडीची क्रेन

मालेगावच्या शेख नासिर यांनी यंत्रमागावरच्या एका काटकुळ्या कामगाराला आपल्या विडंबनपटात सुपरमॅन केले, ही नाशिक जिल्ह्याने जागतिक सिनेमाची केलेली मोठीच सेवा आहे. कॅमेऱ्याची ट्रॉली म्हणजे सायकल, क्रेन म्हणजे बैलगाडी आणि आकाश म्हणजे ताणून धरलेले हिरवे कापड. या महापुरुषाचे उड्डाण पाहून लोक अजून खुर्चीतून पडतात. 2008 मध्ये या खटाटोपावर माहितीपट निघाला आणि 2025 मध्ये मुंबईने या मंडळींवर मोठा चित्रपट काढला. नकलेची नक्कल मूळ नकलेपेक्षा कैकपट महाग पडली, याला प्रगती म्हणतात.

सबब, शासनाने प्रत्येक निर्मात्याला अनुदानावर एक बैलजोडी द्यावी. व्हीएफएक्सच्या खर्चात वर्षभराची पेंड सहज निघेल.

अर्थात, लोकप्रियतेत सुपरमॅनलाही मागे टाकणारी एक कलाकृती जिल्ह्यात आहे. तिचे नाव 'नाशिकची चित्रनगरी'. दादासाहेब फाळक्यांचे स्मरण, पुष्पगुच्छ, टाळ्या, घोषणा. वर्षानुवर्षे कथा तीच, संवाद तेच, फक्त नट बदलतात. तरी दर निवडणुकीला नव्याने प्रदर्शित होते आणि सभा हाउसफुल्ल जाते. शिवाय हिला बैलगाडीही लागत नाही, माइक पुरतो.