ग्रामरवाले सर

रायपूरच्या सदर बाजारात ‘ग्रामरवाले सर कुठं बसतात?’ असं विचारलं तर प्रत्येक दुकानदार वेगळा जिना दाखवतो, आणि प्रत्येक जण खरं सांगत असतो. खाली गादी, गादीवर पांढरी चादर, लोडाला टेकलेले सेठजी आणि गुंजभर सोनंही इकडचं तिकडे होऊ न देणारा काटा. वर, अंधाऱ्या जिन्याच्या शेवटी, चपलांच्या ढिगापलीकडे इंग्रजीचे सर. त्यांचा काटाही खालच्याइतकाच कडक. ‘द’ राहिला, अर्धा नंबर गेला.

हे सर बहुधा मराठी असतात. घर तात्यापाऱ्यात किंवा बूढापाऱ्यात, आणि घराणं भोसल्यांबरोबर आलेलं. बिंबाजी भोसले 1758 मध्ये छत्तीसगडचा कारभार बघायला आले, त्यांच्या लवाजम्यात किती माणसं होती कोण जाणे. पण रायपुरातल्या प्रत्येक मराठी घरातला एक पूर्वज त्यात होताच. सर घरी मराठी, बाजारात हिंदी, रिक्षावाल्याशी छत्तीसगढी आणि खडू हातात असेपर्यंत इंग्रजी बोलतात. मराठी माणसाने इथे परक्या भाषेवर पोट का भरावं, असं विचारलं की ते माधवराव सप्र्यांचं नाव घेतात. मराठी घरातल्या सप्र्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेलं आणि 1926 मध्ये याच गावात देह ठेवला. “हिंदी त्यांनी घेतली. आम्हाला उरली ती इंग्रजी,” सर म्हणतात. यात विनय किती आणि बरोबरी किती, हे ऐकणाऱ्याने ठरवावं.

सरांना काहीही विचारा, उत्तर परीक्षेच्या मापानेच येतं. सीबीएसईच्या दहावीला तीन नंबरांचं उत्तर चाळीस ते पन्नास शब्दांत आणि सहा नंबरांचं शंभर ते एकशेवीस शब्दांत लिहायचं असतं. “अहो, इतका वेळ कुठे होता?” या घरच्या प्रश्नाला सर तीन मुद्दे, चाळीस शब्द देऊन थांबतात. बाईंना तो प्रश्न सहा नंबरांचा वाटत असतो. तिथून पुढचं भांडण मार्किंग स्कीमवरचं असतं.

रेन आणि मार्टिन यांचं लाल पुस्तक सरांच्या उशाशी. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते, हे सर अभिमानाने सांगतात. याच रेनसाहेबांनी 1924 मध्ये ‘बो जेस्ट’ नावाची फ्रेंच फॉरीन लीजनमधल्या साहसाची कादंबरी लिहिली आणि जगात नाव कमावलं ते तिच्यावर, हे मात्र सर सांगत नाहीत. ज्या माणसाने आपल्याला कर्ता-क्रियापद शिकवलं तो वाळवंटात बंदुका उडवत होता, ही कल्पना त्यांना सोसत नाही.

2020 पासून सरकारने स्वामी आत्मानंद यांच्या नावाने इंग्रजी शाळा काढल्या आणि सरांच्या जिन्यावरची वर्दळ वाढली. घर हिंदी, शाळा इंग्रजी, आणि मधल्या दरीत सरांची सतरंजी. फी मात्र दरीतच अडकते. “सर जी, फीस भेज दी जाएगी,” असं सेठजी वर्षानुवर्षं सांगतात. सरांना राग येत नाही. वाक्य निर्दोष असतं: भविष्यकाळ, पॅसिव्ह व्हॉइस, कर्ता लुप्त. पोरांना महिनाभर घोकूनही न जमणारा प्रयोग बाप न शिकता करतो, याचं त्यांना कौतुकच वाटतं.

सरांची लाडकी कथा म्हणजे रस्किन बाँडची ‘द थीफ्स स्टोरी’. निवेदक स्वतः चोर. सहाशे रुपये लांबवतो, आणि धड वाक्यं लिहायला शिकलो तर याहून कितीतरी जास्त कमावू, असं मनात येऊन पैसे जागेवर ठेवतो. इंग्रजीच्या शिकवणीची याहून चांगली जाहिरात कुणी लिहिलेली नाही. नवीन पालक आले की सर ही कथा सांगतात. पालक सराफ असले तर त्यांना चोराच्या सुधारण्यापेक्षा नोटा गादीखाली उघड्यावर ठेवणाऱ्याची काळजी वाटते.

पण खरी मजा मोपासांच्या ‘द नेकलेस’ला. 1884 ची कथा. देशभर ती गुमान शिकवली जाते. इथे वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप दागिने विकतात. कारकुनाची बायको मॅटिल्डा मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार उसना आणते, मिरवते, हरवते. नवराबायको तसाच दुसरा, चाळीस हजार फ्रँक सांगितलेला, छत्तीस हजारांत विकत घेऊन मुकाट्याने परत करतात आणि दहा वर्षं कर्ज फेडत झिजतात. शेवटी कळतं, मूळ हार खोटा होता, जेमतेम पाचशे फ्रँकचा. पाठ्यपुस्तकातल्या संक्षेपावर सरांचं समाधान नसतं. जुन्या संग्रहातून ते सगळी कथा वाचून दाखवतात आणि विचारतात, मॅटिल्डाच्या नाशाचं कारण काय? उत्तर ठरलेलं: हाव, दिखाऊपणा, असमाधान.

“पक्की रसीद नहीं ली, सर.”

“चालीस हजार बोलकर छत्तीस में दे दिया? सर, वह दुकानदार तो पहले से छत्तीस पे बैठा था.”

सर टेबलावर डस्टर आपटतात. मग मागच्या भिंतीला टेकलेला, एरवी तोंड न उघडणारा पोरगा उठतो. कथेत हार हरवल्यावर नवराबायको रिकामी पेटी घेऊन पेटीवर नाव असलेल्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वह्या चाळून सांगतो, हार माझ्याकडचा नाही, मी फक्त पेटी दिली होती. “सर, जो बड़ी दुकान से खाली डिब्बा ले जाए, उसका माल कैसा होगा?”

वर्ग हसतो. सर हसत नाहीत. सगळी कथा मॅटिल्डाच्या डोळ्यांनी दिसते म्हणून शेवट धक्का देतो. या पोराने ती गल्ल्यामागून ऐकली आणि त्याला हार खोटा असल्याचं कितीतरी पानं आधीच कळलं. पॉइंट ऑफ व्ह्यू म्हणजे काय, याचं इतकं चोख उदाहरण मी तरी कुठल्या गाइडात वाचलेलं नाही. सरांनी त्याला तीनपैकी दीड नंबर दिला. मॉडेल आन्सरमध्ये पेटी नव्हती.

अशा सरांना एकदा खालून बोलावणं आलं. सेठजींच्या हातात कर खात्याची इंग्रजी नोटीस, सीए गावाला गेलेला. सरांनी चष्मा पुसला, नोटीस दोनदा वाचली. “टोन फॉर्मल है. सेंट्रल आयडिया दूसरे पैराग्राफ में है. एक जगह कॉमा गलत है.”

“सर जी, पैसा देना है कि आना है?”

“वही देख रहा हूँ. पूरी चिट्ठी पैसिव्ह में है, सेठजी. आपको निर्देशित किया जाता है, आपसे वसूल किया जाएगा.”

“मगर करेगा कौन?”

“कर्ता कहीं लिखा नहीं,” सरांनी कागद गादीवर ठेवला, “पर कर्म आप ही हैं.”