लाईन लावून देणारे तात्या

दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो. तात्या साडेबारालाच नेसरीच्या स्टँडजवळच्या हॉटेलात येऊन बसलेले असतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. लाल पेनानं ते काय करतात हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. निकाल त्यांच्या घरातल्या कुणाचाच नसतो. तरी एकला पाच कमी असताना त्यांच्या कपाळावर घाम येतो, आणि तो उन्हाचा नसतो.

हे तात्या म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. हलकर्णीत त्यांना आण्णा म्हणत असतील, आजऱ्यात काका, चंदगडात नुसतंच 'सर'. काम एकच, दुसऱ्याच्या पोरांची लाईन लावून देणं. 'कुठली लाईन धरायची?' हा प्रश्न मे-जूनमध्ये आमच्या भागात 'पाऊस कधी?' याच्या खालोखाल विचारला जातो. पावसाबद्दल तात्या निदान 'बघूया' तरी म्हणतात.

त्यांचं स्वतःचं शिक्षण जुन्या अकरावीचं. 1975 साली महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली, तात्या त्याच्या आधीच सुटले. 'आमची मॅट्रिक म्हणजे तुमची आत्ताची बी.ए.' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मॅट्रिक पास झालात का, असं थेट विचारलं तर 'मी अकरावीला होतो' असं उत्तर येतं. ऐकणाऱ्यानं क्रियापद नीट ऐकावं. पुढं मामांनी त्यांना सोसायटीत चिकटवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. आयुष्यात स्वतःसाठी एकही अर्ज भरावा न लागल्यामुळं दुसऱ्याचे भरायला त्यांचा हात कायम मोकळा.

'किती पडलं?' हा तात्यांचा पहिला प्रश्न आणि शेवटचाही. कशात किती पडलं, पोराला काय जमतं, काय आवडतं, हे प्रश्न त्यांना पडतच नाहीत. कारखान्यानं उतारा बघून उसाचा दर काढावा तसं तात्या टक्के ऐकून लाईन काढतात. नव्वदच्या वर असेल तर 'डॉक्टर कर'. ऐंशीला 'इंजिनिअर, आन्‌ कॉम्प्युटरच घे, बाकी सगळं बंद पडाय लागलंय'. सत्तरला 'सायन्स घे, पुढचं पुढं बघू'. साठला 'कॉमर्स, बँकेत चिकटशील'. पन्नासला 'आर्ट्‌स घे आन्‌ एमपीएससी कर'. त्याखाली 'आयटीआय, न्हाईतर भरती'. 'बेस्ट ऑफ फाइव्ह'नं एक विषय बाजूला पडतो, चित्रकलेचे आणि खेळाचे वाढीव गुण मिसळतात, तेव्हा नव्वदचे नव्वद हे सगळेच गणित-विज्ञानातले नसतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. 2025 ला राज्यात 211 पोरांना शंभरच्या शंभर टक्के पडले. तात्यांच्या तक्त्यात शंभरचा रकानाच नाही. तसं पोरगं नेसरीत निघालं तर तात्यांचं काय होईल, याची मला काळजी वाटते.

तरी हा तक्ता तात्यांनी मनानं रचलेला नाही. गावात शेवटी कोण पुढं गेलं, यावरून तो आपोआप बदलत आलाय. त्यांच्या लहानपणी लाईन एकच होती, मुंबई. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातला गडी सातवी झाला की लालबाग-परळला गावकीच्या खोलीवर पथारी टाकायचा आणि गिरणीत लागायचा. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ती लाईन तुटली. मग गावातल्या कुणाची तरी पोरगी डी.एड. होऊन झेडपीच्या शाळेत लागली. झालं. पुढची वीस वर्षं तात्यांनी पोरी दिसेल तिथं डी.एड.ला घातल्या. 2010 नंतर भरती आटली, पुढं 2017 ला अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं. तोवर तात्यांनी डी.एड.ला लावलेल्या पोरींच्या पोरी शाळेत जायला लागल्या होत्या. पण तात्या तोवर इंजिनिअरिंगवर सरकले होते, कारण कॉलेज पार तालुक्यात, महागावपर्यंत आलं होतं. मग फार्मसी आली, कारण कुणाचा तरी पुतण्या गोव्याला वेर्ण्याच्या औषध कंपनीत लागला. हल्ली ते 'एआय' म्हणतात. ते नक्की काय असतं म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाले, 'पुण्यात असतंय.'

म्हणजे तात्यांचा सल्ला चुकीचा कधीच नसतो, फक्त दहा वर्षं उशिरा पोचतो. ज्या एसटीत बसून गावातला शेवटचा माणूस पुढं गेला, त्याच एसटीच्या मागं ते पोरांना पळवतात.

बोर्डानं 2016 पासून काही वर्षं दहावीच्या पोरांची कलमापन चाचणी घेतली होती. कृषी, वाणिज्य, ललितकला, तांत्रिक, 'गणवेशधारी सेवा' असे कल काढून कागद हातात द्यायचे. तात्यांना त्या कागदाचा फार राग. 'कल काय मापायचा? आमच्या पोरांचा कल बेळगावकडंच असतोय. तिथं मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर हाय.' ह्यात तथ्य आहे. पहाटे नेसरीच्या कुठल्याही रस्त्यावर निघा, पोरं अंधारात पळताना दिसतील. आर्मीचे सोळाशे मीटर, पोलिसांचेही सोळाशे मीटर, त्यामुळं तूर्तास पळायचं, कुठं पोचायचं ते जाहिरात निघाल्यावर. पण 'एकदा भरती झालास की पेन्शनीपर्यंत बघायला नको' हे तात्यांचं वाक्य 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ आली तेव्हाच जुनं झालं. चार वर्षांनी चारातला फार तर एक आत राहतो, बाकीचे तीन एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी पुन्हा स्टँडवर. त्या तिघांना लाईन कोण लावणार, तर अर्थात तात्या.

जूनअखेरीला गुणगौरव समारंभ असतो. हार, श्रीफळ, एक प्लास्टिकची फाईल, आणि तात्यांचं भाषण. नेसरीत भाषण म्हटलं की प्रतापराव गुजर यायलाच हवेत, ते येतातच. 24 फेब्रुवारी 1674, खिंड, बहलोलखान, सात घोडेस्वार. ऐकताना आमच्या अंगावर दरवर्षी काटा येतो आणि तो खरा असतो, त्याची चेष्टा नाही. पण तिथून तात्या जी उडी मारतात ती खिंडीपेक्षा अवघड. 'विचार करत बसले असते तर इतिहास घडला असता का? तेव्हा पोरांनो, फार विचार करू नका, सायन्स घ्या!' प्रतापराव सरनोबत होते, उभी हयात घोड्यावर गेलेली, आणि समोर बहलोलखान आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अकरावी सायन्सला निघालेल्या आमच्या पोराला समोर फिजिक्स आहे एवढंही कुणी सांगितलेलं नसतं. दिवाळीपर्यंत ते धारातीर्थी पडतं.

तात्यांना अगदी जवळून बघायचं तर अकरावीचा फॉर्म भरताना बघावं. 2025 पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाईन झाला. आधी तो मुंबई-पुण्यासारख्या शहरांचा त्रास होता, आता खेड्यापाड्यांनाही समान न्याय मिळाला. त्या मे महिन्यात ई-सेवा केंद्रात मी झेरॉक्स काढायला उभा होतो. स्क्रीनवर साईट गोल गोल फिरत होती. खुर्चीवर केंद्रचालक पोरगा, त्याच्या खांद्यावर हात ठेवून तात्या, बाजूला एक पोरगी आणि तिची आई. पोरीला शहात्तर टक्के. ओटीपी बापाच्या मोबाईलवर गेलेला, बाप गोव्याला, कंपनीत मोबाईल आत नेऊ देत नाहीत. तेव्हा सगळे जेवणाच्या सुट्टीची वाट बघत थांबलेले.

'पसंतीक्रम दहा टाकता येत्यात,' तात्या म्हणाले, 'दहाच्या दहा टाक. फुकट हाईत. पहिला नंबर कोल्हापूर, राजाराम कॉलेज.'

'तात्या, रोज निपाणीवरनं कोल्हापूरला जाणार कोण?' आई म्हणाली.

'जायाचं कुठं? मिळू दे न मिळू दे, पहिल्या नंबराला राजाराम असलं की फॉर्मला वजन पडतंय.'

केंद्रचालकानं मान न वळवता सांगितलं, 'पहिल्या नंबरचं मिळालं तर घ्यावंच लागतं, तात्या. नाही घेतलं तर नियमित फेऱ्यांतनं बाहेर.'

तात्यांनी क्षणभर लाल पेनाला हात लावला. मग म्हणाले, 'तर मग गडहिंग्लज पहिलं टाक. मी तेच म्हणत होतो.'

इतका वेळ गप्प असलेल्या पोरीनं विचारलं, 'ह्यात आयटीआय कुठाय?'

'ती साईट वेगळी,' केंद्रचालक म्हणाला.

तात्या हसले. शहात्तर टक्क्यांना आयटीआय! उद्या गाव काय म्हणेल? आईकडं बघून म्हणाले, 'वैनी, पोरीच्या जातीला स्क्रू ड्रायव्हर?'

'मी काय शिकलो न्हाई, तात्या,' आई म्हणाली, 'पण आमच्या मोटरीचा स्टार्टर हीच दुरुस्त करत्या. हिचं हिला ठाऊक. तिलाच इचारा की.'

तात्यांनी विचारलं नाही, पण पोरगी सांगायला लागली. गडहिंग्लजच्या सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा. फी मामुली, पोरींना तीस टक्के जागा राखीव. तो झाला की डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. डिप्लोमा झाला की डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला. आणि डिग्रीला पोचेपर्यंत, 2024 पासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरातल्या पोरींची सरकारी प्रवेशफेरीतून मिळालेल्या व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे. वाटेत कुठंही थांबलं तरी हातात काम आहेच. 'सायन्स घेऊन बारावीला सीईटी बुडली तर हातात काय, तात्या?'

हे सगळं तिनं ज्या आवाजात स्टार्टरचा फ्यूज बदलायचा कसा ते सांगितलं असतं, त्याच आवाजात सांगितलं. तात्या चहा संपेपर्यंत बोलले नाहीत. तात्यांच्या आयुष्यात चहा इतका वेळ कधीच चालला नव्हता. तेवढ्यात गोव्याहून ओटीपी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात गेलो तर तात्यांभोवती सहा-सात बाप. 'आयटीआय!' तात्या टेबलावर बोट आपटत होते. 'आयटीआय म्हणजे मागचं दार हाय इंजिनिअरिंगचं! थेट दुसऱ्या वर्षाला! मी कधीपासनं सांगतोय.' कुणाला काय आवडतं, कुणाचा हात कशावर बसतो, हे अर्थातच कुणी विचारलं नाही. त्या हंगामात नेसरीतल्या दोन-तीन पोरांना आपण इलेक्ट्रिशियन होणार हे बापाच्या तोंडून कळलं. एकाला वायरला हात लावायचीही भीती वाटायची.

तात्यांची स्वतःची पोरं काय करतात, असं वाचणाऱ्याच्या मनात आलंच असेल. थोरला जेसीबी चालवतो, धाकटा काजूचा व्यापार बघतो. दोघांचं बरं चाललंय. दोघांनीही तात्यांना विचारलं नव्हतं.

तरी तात्यांना मोडीत काढायला माझी तयारी नाही. कारण त्यांची एक विद्या अस्सल आहे, आणि ती शाळेच्या समुपदेशकाकडं नाही, पुण्याहून सुट्टीला आलेल्या आयटीतल्या मामाकडं नाही, चौकाचौकांत फ्लेक्स लावणाऱ्या अकॅडमीवाल्याकडं तर नाहीच नाही. ती म्हणजे दाखले. उत्पन्नाचा दाखला कुठल्या टेबलावर अडतो, नॉन क्रीमीलेअरची मुदत कुठल्या तारखेला संपते, डोमिसाईलला कुठला पुरावा चालतो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एक वेलांटी चुकली तर पडताळणीत काय होतं, आजोबांच्या नोंदीसाठी कुठलं दप्तर उघडायचं, पोरीचा बारावीपर्यंतचा एसटीचा मोफत पास कुणाच्या सहीनं निघतो, हे सगळं त्यांच्या तोंडावर आहे. गडहिंग्लजच्या तहसील कचेरीत त्यांना आत कुणी अडवत नाही. ते ज्या पोराबरोबर जातात त्याचा कागद त्याच दिवशी पुढं सरकतो. टक्के भरपूर आणि एक दाखला कमी म्हणून राखीव जागा हातची गेलेली पोरं आमच्या भागात आहेत. तात्या ज्या घराबरोबर असतात, त्या घरात असं झालेलं मी ऐकलेलं नाही. लाईन लावायचा नाद सोडून नुसत्या दाखल्यांचा धंदा केला असता तर आज तात्या तालुक्यातले पहिले करिअर समुपदेशक म्हणून गाजले असते. पण त्यांना ते हलकं काम वाटतं. 'कागद काय, कोण पण काढतंय,' म्हणतात.

तेव्हा यंदा तुमच्या घरात दहावी असेल तर तात्या येतीलच. त्यांना चहा द्या, सोबत थोडं फरसाण ठेवा. 'किती पडलं?' विचारल्यावर टक्के सांगा, आणि लाईनीचा विषय निघाला की त्यांच्या पुढ्यात रेशनकार्ड ठेवा. ते आपोआप दाखल्यांवर येतात. लाईनीचं पोराशी बोला, ते तात्या गेल्यावर. आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज एप्रिलमध्येच टाका. जूनमध्ये तहसीलला रांग दारापर्यंत येते, आणि त्या रांगेत तात्याही एकच असतात.