हवेचं भाडं

झीरो माइलच्या नागपुरातून पुण्याच्या लेकीला गोधडी धाडायची, तर धास्ती अंतराची नसते, आकाराची असते. ६० × ४० × ३० सेंटीमीटरचा खोका, भागिले ५०००: कुरिअरच्या हिशेबात वजन १४.४ किलो. आत गोधडी जेमतेम तीन किलोची. बाकी भाडं हवेचं! म्हणून ती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायची, वर गुडघा रोवून हवा काढायची, चिकटपट्टी मारायची. पावसाळ्यात तर दोन पिशव्या.

मग फॉर्म. वस्तू? जुनी लुगडी. किंमत? आजीच्या नऊवारीचे थर, हजारो टाके. लिहायचे दोनशे रुपये, कारण खऱ्या किमतीचा विमा परवडत नाही.

पोचल्यावर लेकीचा फोन: "आई, इथं ब्लँकेट ऑनलाइन मिळतं गं, डिलिव्हरी फुकट!"